चार बोटं

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हे मी पाहिलेल्या माणसांमध्ये सगळ्यात भित्रे. हे वाक्य मी वीस वर्षं चारचौघांत हसत हसत सांगत आलो. आज तेच कागदावर लिहिताना माझा हात जड होतोय, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

ते कुत्र्याला घाबरायचे. शिडीला घाबरायचे. दाढ दुखली तर आठवडाभर गाल धरून बसायचे, पण दातांच्या डॉक्टरची पायरी चढायचे नाहीत. अशा माणसाच्या भीतीमागे लोक उगाच काहीतरी शोधतात, लहानपणी काही वाईट पाहिलं असेल वगैरे. काही पाहिलेलं नव्हतं. त्यांची आई सांगायची की हा पाळण्यातसुद्धा कठडा घट्ट धरून झोपायचा. आणि या माणसाने पोटासाठी धंदा कोणता धरावा? तर डोंगरावरच्या खाणीतून दगडाच्या लाद्या भरायच्या, सात किलोमीटरचा वळणांचा उतार उतरायचा आणि खालच्या कापणीच्या कारखान्यात नेऊन टाकायच्या. तेही एका पिकअपमधून, जी त्यांच्या लग्नाच्याही आधीची.

ताईला बघायला आले तेव्हा आमच्या अंगणात कुत्रं होतं. दाजी फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभे. आत सगळे खोळंबलेले. शेवटी मी जाऊन कुत्रं बांधलं तेव्हा नवरदेव आत आले. ते गेल्यावर मी पोट धरधरून हसलो. ताई म्हणाली, "हस तू. भित्रा आहे ना, मग वेळेवर घरी येईल." तिला तिथल्या तिथे पसंत पडले ते.

आणि ते वेळेवर घरी यायचे. पिकअप जुनी, पण दाजींनी तिला जिवापाड जपलं. पायाखालचा पत्रा दोनदा गंजून पडला, दोन्ही वेळा मीच नवा जोडून दिला. माझं त्या उताराच्या पायथ्याशीच गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, भरायचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे. डावीकडचं दार आतून उघडत नसे. दुसरा गिअर उतारावर निसटायचा, म्हणून एका हाताने त्याची दांडी दाबून धरावी लागे. रविवारी दाजी गाडीखाली शिरत, प्रत्येक सांध्यात ग्रीस भरत, प्रत्येक नट पान्याने थोडासा आवळून बघत. मग बाहेर येऊन हात पुसत आणि पुन्हा आत शिरत, कारण एखादा राहिला की काय अशी शंका येई. चहा गार व्हायचा. ताई दुसरा करायची.

त्यांचे दोन नियम होते, आणि दोन्हींवर सगळी खाण हसायची.

पहिला नियम चार बोटांचा. गाडी भरताना ते मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे. टायर आणि त्याच्यावरचा हौद्याचा पत्रा यांच्यामध्ये हाताची चार बोटं आडवी घालायचे. लाद्या चढत जातात तसे पाटे दबत जातात आणि मधली जागा कमी होते. चार बोटं अंग न घासता आत गेली तर ठीक. अडकली, की "बस" म्हणायचे आणि शेवटची लादी उतरवायला लावायचे. खाणीवरचा मुकादम शिव्या घालायचा. काट्यावर वजन करायची सोय कारखान्यात, खाली. वर फक्त बोटं.

दुसरा नियम थांब्यांचा. उतारावर ते तीनदा थांबायचे. उतरून चारही चाकांच्या मधोमध तळहात ठेवायचे आणि मनात पाचपर्यंत मोजायचे. हात ठेवता आला तर पुढे निघायचे. चटका बसला तर रस्त्याकडेला दगडावर बसून राहायचे, चाक निवेपर्यंत. बाकीचे ड्रायव्हर भोंगे वाजवत बाजूने जायचे. एकाने त्यांचं नाव डॉक्टर ठेवलं, तेच सगळीकडे रुळलं. "डॉक्टर, पेशंटला ताप किती?" मीही म्हणायचो. मी तर जास्तच म्हणायचो, घरचा माणूस ना.

दाजी हसायचे. रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. एकदाच म्हणाले, "तुला नाही वाटत भीती, बरं आहे. मला रोज वाटते. पहिल्या वळणावर पोटात गोळा येतो, तो खाली कारखान्याचं फाटक दिसेपर्यंत जात नाही."

"मग सोडा हा धंदा."

"सोडून काय करू? दुसऱ्या धंद्याचीही वाटेलच की."

अशी बावीस वर्षं गेली. त्या उतारावर त्या काळात पाच गाड्या दरीत गेल्या. मी त्यातल्या दोघांना ओळखत होतो. दाजींच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण दिसणं आणि डोक्यात शिरणं यात आमच्या घराण्यात बरंच अंतर असतं.

गेल्या वर्षी दाजींची कंबर धरली. पाटे म्हातारे झाले होते, सोळा लाद्यांतच चार बोटं अडकायला लागली. इतर जण चोवीस भरायचे. त्यामुळे दाजींच्या फेऱ्या वाढल्या. तीनऐवजी चार, कधी पाच. संध्याकाळी गाडीतून उतरताना ते आधी पाय बाहेर काढून बसायचे, मग दाराला धरून उभे राहायचे. ताई दारातून बघत राहायची.

मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर मला माझी कारागिरी दाखवायची खाजही होती. माझ्याकडे भंगारात एका मोठ्या ट्रकचे पाटे पडले होते. जाड, पोलादी, अजून ताठ. मी दाजींना म्हटलं, "गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा. काही विचारू नका."

दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले. गाडी मागून अशी उचलली गेली की दाजी तिच्याभोवती दोनदा फिरले. नव्या नवरीसारखी उभी होती. पहिल्याच दिवशी सोळा लाद्या भरल्या तर टायर आणि पत्र्यात वीतभर जागा. दाजी उकिडवे बसून बघतच राहिले. मग मुकादमाला म्हणाले, "अजून टाका." सतरा, अठरा, वीस. ते दर लादीला बोटं घालून बघत होते. सव्वीस लाद्या झाल्यावर चार बोटं अडकली. तेव्हा ते "बस" म्हणाले आणि समाधानाने हात झटकले.

मुकादमाने संध्याकाळी मला दुकानात येऊन हे सांगितलं. "तुझे दाजी सुधारले," म्हणाला.

आता इथे मी खोटं लिहू शकतो. लिहू शकतो की माझ्या लक्षात आलं नाही. पण आलं होतं. ज्याने आयुष्यभर पाटे भरले, त्याला हे कळणार नाही? बोटं वजन मोजत नव्हती. बोटं पाटे किती दबले ते मोजत होती. मी पाटे ताठ केले, म्हणजे दाजींचं मापच खोटं करून ठेवलं. गाडी उंच उभी होती, पण ब्रेक तेच, ड्रम तेच, आणि अंगावर दहा लाद्या जास्त. एकेक लादी साठ किलोची. हे सगळं क्षणभर माझ्या डोक्यात येऊन गेलं. मग मी मनात म्हटलं, बाकीचे चोवीस भरतातच की. दाजी तर तीनदा थांबतात, त्यांना काय होणार? आणि मी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. फेऱ्या तीनवर आल्या, कंबर सैल पडली. ताईने माझ्यासाठी डबा भरून पाठवला.

मग तो दिवस. खाणीवरच्या उचलायच्या यंत्राची एक दांडी तुटली होती, ती जोडायला मी सकाळी वर गेलो होतो. काम दहालाच उरकलं आणि खाली यायला दाजींच्या गाडीत बसलो. मागे सव्वीस लाद्या. लख्ख ऊन, रस्ता कोरडा.

पहिल्या थांब्यावर दाजींनी चाकाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हल्ली फार तापतंय. आज जास्तच."

"ब्रेकचे लायनर नवे घातलेत ना गेल्या महिन्यात? ते बसेपर्यंत तापणारच," मी म्हटलं. "किती वेळ बसणार इथे? मला दुकान उघडायचंय."

ते घुटमळले. पुन्हा हात नेला, पुन्हा मागे घेतला. "थोडं थांबू."

"दाजी, चला. मी सांगतोय ना."

माझ्या शब्दावर ते निघाले. हे मी मुद्दाम लिहितोय. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस चटका बसलेलं चाक घेऊन पुढे निघाला, आणि तो माझ्या शब्दावर.

पुढची दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यानंतर रस्ता बराच सरळ आणि तीव्र उताराचा आहे. उजवीकडे दरी, डावीकडे कापलेला डोंगर आणि त्याच्या पायाशी पाण्याचा चर. तिथे दाजींनी ब्रेकवर पाय ठेवला आणि मी त्यांचा पाय खाली जाताना पाहिला. तो जातच राहिला. पार पत्र्याला टेकला. त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला, मग भराभर चार-पाच वेळा. गाडीला त्याचं काही नव्हतं. रबर जळल्यासारखा उग्र वास आत आला. इंजिनचा आवाज चढत गेला आणि अचानक खट्‌ करून दुसरा गिअर निसटला. त्यानंतर आवाजच बंद झाला. फक्त वारा आणि मागे लाद्यांचा खडखडाट.

मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. "दाजी, उडी मारू?" असं म्हणालो असं नंतर दाजींनी सांगितलं. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. मी त्याच्यावर खांद्याने धडका मारत होतो. समोर खाली, दोन वळणांपलीकडे, बाजारातली छपरं दिसत होती. रस्ता तिथूनच जातो, दोन्ही बाजूंना दुकानं, माणसं, सायकली. माझं दुकानही तिथेच. आपण मरणार, आणि एकटे मरणार नाही, हे मला स्वच्छ कळलं.

मी दाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता, ओठ पांढरे. त्यांनी हातब्रेक ओढला, तो सैल दोरीसारखा वर आला. मग ते एवढंच म्हणाले, "डोकं खाली घे, माझ्याकडे सरक." आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

गाडी डोंगराला घासली. माझ्या बाजूचा आरसा गेला, काच माझ्या पाठीवर सांडली, पत्रा फाटल्याचा आवाज. दाजी घासू द्यायचे, सोडायचे, पुन्हा घासू द्यायचे. मग डावी चाकं चरात उतरली, गाडी एकदा उसळली, दुसऱ्यांदा उसळली, लाद्या पुढे सरकून केबिनच्या पाठीवर आदळल्या. आणि थांबलो. वळण दहा पावलांवर होतं.

किती वेळ बसून होतो कोण जाणे. माझी पँट ओली झाली होती. दाजींनी ते पाहिलं. सीटमागची त्यांची जुनी लुंगी काढून माझ्या मांडीवर टाकली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुंडाळ. लोक येतील आता." ही गोष्ट त्यांनी आजपर्यंत कोणालाही सांगितलेली नाही. मीच सांगतोय.

गाडी ओढून माझ्या दुकानात आणली. चाकं मी एकट्याने खोलली, शटर अर्धं खाली ओढून. काहीही तुटलेलं नव्हतं. पाइप शाबूत, ऑइल भरलेलं. लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले, ड्रम निळे पडलेले. एवढ्या वजनाला आवर घालता घालता तापून ब्रेकचा जीव गेला होता. कारण गाडीच्या खाली होतं, माझ्या हाताने बसवलेलं, चार पाटे.

दुसऱ्या दिवशी दाजी आणि ताई आले. दाजी पाण्याच्या पिंपावर बसले, ताई दारात उभी. तिने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, ते दिसत होतं.

"काय झालं होतं रे?" दाजींनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, पाटे हाच शब्द जिभेवर होता. मग मी ताईकडे पाहिलं. खाली वाकलो आणि भंगारातून ब्रेकच्या पाइपाचा एक कुजका तुकडा उचलला. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. "हा," मी म्हटलं. "आतून सडला होता. वरून कोणालाही कळला नसता. आता सगळे पाइप नवे टाकतो, लायनर नवे, ड्रम घासून घेतो. काळजीच नको."

दाजींनी तो तुकडा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "एवढासा," म्हणाले.

ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "तू होतास म्हणून बरं."

आठ दिवसांनी गाडी रस्त्यावर आली. पाटे मी काढले नाहीत. काढले असते तर का काढले ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. दाजींची भीती गेली.

आधी मला ते दिसलं नाही. गाडी दुकानासमोरून जाताना भोंगा वाजवू लागली, पूर्वी कधी वाजवायची नाही. मग एक दिवस दाजी गाणं गुणगुणत माझ्याकडे आले आणि दुकानातल्या कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवून गेले. मी मनात म्हटलं, वा. मरण बघून आलेला माणूस मोकळा होतो म्हणतात, तसं असेल.

महिन्याभराने ताई दुकानात आली. एकटी. बाकावर बसली आणि पदराने चेहरा पुसत राहिली.

"हे आता थांबत नाहीत," ती म्हणाली.

"कुठे?"

"उतारावर. आधी तीनदा थांबायचे. मग एकदा. आता थांबतच नाहीत. काल अर्ध्या तासात खाली आले. मला म्हणाले, बावीस वर्षं उगाच घाबरलो. म्हणाले, जे व्हायचं होतं ते होऊन गेलं, एक पाइप सडका होता, तो बदलला, आता काय व्हायचंय? रविवारी गाडीखालीही शिरले नाहीत. झोपले दुपारी. घोरत होते."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काय चांगलं? अरे, त्यांना भीती वाटायची तेव्हा मी निवांत असायचे. आता त्यांच्या वाटणीचीही मलाच वाटते. गाडीचा आवाज येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. भाजी करपते. दोनदा करपली." ती रडायला लागली. माझ्यासमोर ती आई गेली तेव्हाही रडली नव्हती. "तुझं ऐकतात ते. काहीही सांग, त्यांना परत घाबरव."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली, आणि जाता जाता दारात वळली. "पाइपच होता ना रे?"

"पाइपच," मी म्हटलं.

ती गेली. त्या क्षणापासून माझ्या पोटात जे सुरू झालं ते मी कोणाला समजावून सांगू? दाजींच्या तीन फेऱ्या असत. सकाळी नऊ, साडेबारा, चार. मी घड्याळ बघायचो. सव्वानऊ झाले की हातातली हत्यारं खाली ठेवून दारात येऊन उभा राहायचो, वर वळणाकडे बघत. गाडी दिसली की सुटल्यासारखं वाटायचं, आणि ती समोरून गेली की पुढच्या फेरीची भीती सुरू. जेवण जाईना. गिऱ्हाइकाने दोनदा सांगितलेलं मला कळेना. दाजी बावीस वर्षं हे पोटात घेऊन जगले आणि मी त्यांना पेशंटचा ताप विचारत होतो. तरी मी गेलो नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मी रोज ठरवायचो, आणि रोज गाडी सुखरूप खाली आली की मला वाटायचं, उद्या सांगू.

तिसऱ्या दिवशी सव्वानऊ वाजले, साडेनऊ वाजले, गाडी आली नाही. दहा वाजता मी वर निघालो. पायी, कारण वाहनाची वाट बघायचा धीर नव्हता. प्रत्येक वळणावर मी आधी दरीत बघत होतो. तुटलेला कठडा, चाकाची खूण, काहीही. सात किलोमीटर मी कसा चढलो मला माहीत नाही.

खाणीवर गाडी उभी होती. यंत्र पुन्हा मोडलं होतं, म्हणून भरायला उशीर झाला होता, एवढंच. दाजी मागच्या चाकाशी उकिडवे बसून बोटं घालत होते. वर अठ्ठावीस लाद्या. चार बोटं आत जाण्याइतकी जागा आता उरली नव्हती. दाजीच तीन बोटांवर राजी झाले होते.

"अरे, तू? एवढा घामाघूम?"

मी तिथेच मातीत त्यांच्याशेजारी बसलो. बोलायच्या आधी मला दोनदा श्वास घ्यावा लागला. मग सगळं सांगितलं. पाइप शाबूत होता. तो तुकडा दुसऱ्या गाडीचा. पाटे मी ताठ केले, म्हणून बोटं खोटं सांगतात. सोळा लाद्यांचे ब्रेक आहेत, त्याच्यावर अठ्ठावीस आहेत. नवे पाइप, नवे लायनर, सगळं त्या दिवशीसारखंच पुन्हा जळणार आहे. कधी ते सांगता येत नाही. आज, नाहीतर परवा. रोज त्याच काठावरून खाली येताय तुम्ही.

दाजी ऐकत होते. त्यांची बोटं अजून टायर आणि पत्र्याच्या मध्येच होती. त्यांनी ती हळूच बाहेर काढली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग मला दिसलं, ती कापत होती. आधी बोटं, मग मनगट, मग दोन्ही हात. त्यांनी ते काखेत दाबून धरले तरी थांबेनात. चेहऱ्यावरचा रंग उतरला. महिन्याभराच्या सगळ्या फेऱ्या त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात, एकामागून एक.

माणसाला असं कापताना बघून मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं होतं. मला त्याची लाजही वाटली नाही.

"शिव्या घाला," मी म्हटलं. "मारा मला."

ते उठले, हौद्याची फळी पाडली आणि लादीला हात घातला. पकड बसेना. मी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून चौदा लाद्या उतरवल्या. मुकादम ओरडत आला, दाजींचा चेहरा बघून परत गेला.

उतरताना ते पाच ठिकाणी थांबले. प्रत्येक ठिकाणी चारही चाकांना हात लावला. कारखान्यात माल टाकल्यावर मला वाटलं ते मला दुकानाशी सोडतील. गाडी दुकानावरून पुढे गेली आणि सरळ त्यांच्या दाराशी थांबली. इंजिन चालूच.

"तिला तू सांगायचंस," दाजी म्हणाले. "मी नाही."

त्यांनी खाली उतरून, फिरून येऊन, माझं दार बाहेरून उघडलं. ताई पायरीवर आली होती. आमच्या दोघांकडे बघून तिने दाराची चौकट धरली. मी उभ्याउभ्या सांगितलं, वर सांगितलं होतं तेच. एकही शब्द गाळला नाही.

सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"हो."

"मी दुकानात आले होते, तेव्हाही?"

"तेव्हाही."

ती पायरी उतरून माझ्या जवळून गेली, मला न शिवता. दाजी गाडीला टेकून उभे होते. त्यांचे हात अजून थरथरत होते. तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, घट्ट धरले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा आता."